समुद्रापलीकडील गणेशचतुर्थी

भाद्रपद महिना आला की कोकणात घरोघरी गणपतीची तयारी सुरू होते. पोटापाण्यासाठी मुंबईस राहणारा चाकरमानीही त्या दिवसांत गावाकडे धाव घेतो. परंतु ज्याला गावी परतणे शक्यच नाही, त्याने सण कसा करावा? या प्रश्नाचे उत्तर हिंदी महासागरातील मॉरिशस या लहानशा बेटावर मिळते.

मॉरिशसवर पूर्वी इंग्रजांचे राज्य होते. तेथील उसाच्या मळ्यांत गुलाम राबत असत. गुलामगिरी बंद होणार हे दिसताच मळेवाल्यांनी भारतातून करारावर मजूर नेण्यास आरंभ केला. २ नोव्हेंबर १८३४ रोजी अशा मजुरांची पहिली तुकडी पोर्ट लुई बंदरात उतरली. त्यानंतर १९२० पर्यंत जवळजवळ पाच लाख माणसे या बंदरात आली. त्यांपैकी काहींना तेथून पुढे दुसऱ्या देशांत पाठविण्यात आले. ज्या धक्क्यावर ती उतरली, तो आज ‘आप्रवासी घाट’ म्हणून ओळखला जातो. २००६ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारसास्थळ म्हणून मान्यता दिली.

या मजुरांत रत्नागिरीकडील मराठी माणसेही होती. मुंबई बंदर सोडताना त्यांच्याजवळ सामान ते काय असणार? करारानुसार वर्षानुवर्षे मळ्यात कष्ट करावयाचे, हेच त्यांच्या नशिबी होते. अनेकांना मायभूमीचे दर्शन पुन्हा घडले नाही. तथापि आरत्या, ओव्या आणि सणावारांच्या रीती यांचे ओझे होत नाही. त्या त्यांनी मनात साठवून नेल्या.

तेथील ऋतूही निराळे. आपल्याकडे भाद्रपदात भातशेते हिरवीगार असतात. तेथे मात्र तो हिवाळ्याचा शेवट आणि ऊसतोडणीचा हंगाम असतो. कोकणात गणपतीच्या डोक्यावर रानातील फळाफुलांची माटवी बांधतात. ती सारी रानफुले तेथे कोठून मिळणार? तरीही सण टिकून राहिला. आज मॉरिशसमध्ये गणेशचतुर्थीनिमित्त सार्वजनिक सुट्टी असते. घरोघर मूर्ती बसते, मोदक होतात, आणि लोक वाजतगाजत नदीवर किंवा समुद्रावर विसर्जनास जातात. कोकणातील जाखडी नाच तेथे ‘झाकरी’ या नावाने आजही चालतो.

एक गोष्ट मात्र मनाला चटका लावते. या मराठी कुटुंबांतील बहुतेक मुले घरी मराठी बोलत नाहीत. फ्रेंचपासून घडलेली क्रिओल हीच त्यांची रोजची बोली झाली आहे. काही मुले शाळेत मराठी शिकतात. मोका येथील महात्मा गांधी संस्थेतही मराठीचे अध्यापन होते. पण पुष्कळांच्या कानी मराठी शब्द पडतात ते गणपतीपुढे आरती होते तेव्हाच! पूर्वजांची भाषा घरातून निघून गेली, तरी सणाने तिच्यासाठी एक दार उघडे ठेवले आहे.

मुलांनो, आपल्याला आरती येते, ओवी ऐकू येते, आजीची बोली समजते. म्हणून त्यांचे मोल सहसा ध्यानात येत नाही. उद्या रिकाम्या हातांनी दूर देशी जावे लागले, तर बरोबर नेण्याजोगे आपल्या मनात काय काय आहे, याचा प्रत्येकाने विचार करावा.

स्वाध्याय
१. मळेवाल्यांनी भारतातून मजूर का नेले?
२. मॉरिशसमधील भाद्रपद व कोकणातील भाद्रपद यांत कोणता फरक आहे?
३. ‘सणाने तिच्यासाठी एक दार उघडे ठेवले आहे’, असे लेखक का म्हणतो?
४. घरातील वडीलधाऱ्यांकडून एक ओवी ऐका व ती पाठ करा.