मोरचूद, चुना आणि निर्मितीचे समीकरण

खोडदच्या माळावर ४५ मीटर व्यासाच्या रेडिओ दुर्बिणींच्या तबकड्या उभ्या राहिल्यापासून आमच्या मुलखातील मुलांना विज्ञानाची ओढ नाही असे म्हणण्याची सोय उरलेली नाही. दरसाल २८ फेब्रुवारीच्या सुमारास, विज्ञानदिनाच्या निमित्ताने, तेथील प्रदर्शनास गावोगावची शाळकरी मुले लोटतात. परंतु ओढ असणे निराळे आणि परीक्षेच्या कागदावर समीकरण बिनचूक उतरविणे निराळे, याचा प्रत्यय या भागात रसायनशास्त्र शिकविताना मला वारंवार आला, आणि तो विशेषेकरून निर्मिती अभिक्रियेच्या प्रश्नांत.

एका द्राक्षबागायतदाराच्या मुलाचा दाखला देतो. बोर्डो मिश्रण करण्यात तो वाकबगार होता: एका पिंपात मोरचूद, दुसऱ्यात कळीचा चुना, आणि दोन्ही एकत्र केल्यावर विळ्याचे पाते बुडवून पाहावयाचे, त्यावर तांबूस पुट चढले तर चुना कमी पडला, हे त्याला उपजत ठाऊक असावे इतके सहज ठाऊक होते. विरलेल्या चुन्याच्या निर्मितीचे समीकरण विचारताच त्याने डोळ्यांदेखत रोज घडणारी गोष्ट लिहिली, कळीचा चुना अधिक पाणी. अणूंचा हिशेब चोख होता, तरीही उत्तर चूक होते. कारण कळीच्या चुन्यावर पाणी पडून पिंप तापते ती ऊष्मा मोलामागे सुमारे ६५ किलोजूल, तर कॅल्शियम, हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांच्या प्रत्येकी एका मोलापासून तोच चुना घडल्यास ती ९८६ च्या घरात जाते. पहिला आकडा प्रमाण मानून त्या हुशार मुलाने पुढचे सारे गणित सोडविले आणि हातचे गुण घालविले.

म्हणून पहिला शिरस्ता हा, की संयुगाच्या निर्मितीच्या समीकरणात डाव्या बाजूस केवळ मूलद्रव्ये असावीत; जमिनीचा हक्क तपासताना मधल्या खरेदीखतावर न थांबता फेरफार उलगडीत मूळ खातेदारापर्यंत जावे लागते, तसेच हे आहे. आणि मूलद्रव्य तरी कोणत्या रूपात? २५ अंश सेल्सिअसला व एक बार दाबाला जे त्याचे स्थिर रूप, त्या रूपात: कार्बन हिऱ्याच्या नव्हे तर ग्रॅफाइटच्या रूपात, ऑक्सिजन द्विअणुक वायूच्या. येथे खोडदच्या मुलांची एक खास चूक मी पाहिली आहे. अंतराळातील एकट्या हायड्रोजन अणूंकडून येणाऱ्या २१ सेंटिमीटर तरंगलांबीच्या लहरी या दुर्बिणी टिपतात हे प्रदर्शनात ऐकलेले असल्यामुळे, पाण्याच्या समीकरणातही कोणी कोणी सुटे हायड्रोजन अणू मांडतात. पृथ्वीवरच्या प्रमाण अवस्थेत मात्र हे अणू जोडीने नांदतात, आणि जोडी फोडावयास मोलामागे ४३६ किलोजूल लागतात. ते विसरल्यास द्रवरूप पाण्याचे २८६ चे उत्तर ७२२ वर जाऊन बसते. ज्ञान खरे असूनही अस्थानी पडले, असे हे उदाहरण.

यानंतर अपूर्णांकांची भीती. शालेय इयत्तांत पूर्णांक सहगुणकांची सक्ती इतकी मुरलेली असते, की पाण्यासाठी दोन मोल हायड्रोजन व एक मोल ऑक्सिजन घेऊन विद्यार्थी दोन मोल पाणी बनवितो आणि ऊष्मेचा आकडा दुप्पट करून ठेवतो. वास्तविक निर्मितीच्या ऊष्मेच्या तक्त्यातील प्रत्येक आकडा एका मोल संयुगाचा असतो. तेव्हा उजवीकडील ‘एक’ अढळ मानून बाकीचे जुळवावे, मग डावीकडे अर्धा आला तरी हरकत नाही. अर्धा रेणू नसतो हे खरे, पण ऑक्सिजनचा अर्धा मोल म्हणजे तराजूवर सरळ १६ ग्रॅम. मोरचुदाच्या निळ्या खड्याचेच पाहा: त्यात पाण्याचे पाच रेणू बांधलेले असल्याने तांबे एक मोल, गंधक एक मोल, हायड्रोजन पाच मोल आणि ऑक्सिजन साडेचार मोल लागतो. येथे पाणी पाणी म्हणून डावीकडे लिहिण्याचा मोह भल्याभल्यांना होतो. शिवाय प्रत्येक पदार्थापुढे स्थायू, द्रव की वायू याची नोंद हवीच. वाफेचा आकडा २४२, पाण्याचा २८६, आणि कागदावरील सूत्र दोहोंचे एकच.

आता वाचकाने कांद्याला घालावयाच्या युरियाचे समीकरण स्वतः लिहून पाहावे. कारखान्यात तो अमोनिया व कार्बन डायऑक्साइड यांपासून करतात, पण तो आपला रस्ता नव्हे. उजवीकडे युरियाचा एक मोल ठेवून डावीकडे ग्रॅफाइट एक, नायट्रोजन एक, हायड्रोजन दोन आणि ऑक्सिजन अर्धा मोल आला, तर समीकरण बरोबर आहे.