उचलायचं कसं, ते आधीच सांगून ठेवा

२२ जुलै २०२३, शनिवार. संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांत पुरानं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं आहे, ते पुन्हा सांगत नाही. मी माझ्या पायाच्या कॅलिपरचं सांगते.

पाणी उंबऱ्याला लागलं तेव्हा मी पलंगावर होते. शेजारची दोन पोरं धावत आली. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. पण एकानं बगलेत हात घातले, दुसऱ्यानं पाय धरले, आणि माझ्या उजव्या खांद्यात कळ गेली. कॅलिपर खुंटीला, कुबड्या दाराआड. "कॅलिपर घ्या रे!" मी ओरडत होते. "ताई, तुमाले वाचवू का लोखंडाले?"

लोखंड! पोलिओनं पाय नेले, तेव्हापासून तेच माझे पाय आहेत.

सहा दिवस शाळेच्या वर्गात जमिनीवर काढले. संडास अंगणापलीकडं, तीन पायऱ्या चढून. दर वेळी दोन बायांना उठवायचं, म्हणून मी पाणी पिणंच कमी केलं. तिसऱ्या दिवशी लघवीला आग, ताप. भेटायला येणारा प्रत्येक जण एकच म्हणायचा, "जीव वाचला ना, लय झालं." नवीन कॅलिपर मिळायला चार महिने गेले. ते पायाच्या मापाचं असतं, दुसऱ्याचं चालत नाही.

पुराआधी उन्हाळ्यात एक कर्मचारी घरी येऊन गेला होता. "तुमचं नाव यादीत हाय ताई, चिंता नोका करू." पुरानंतर ती यादी मी मागून पाहिली. नाव, अपंगत्वाची टक्केवारी, बँकेचा खाते क्रमांक. घर कोणतं, फोन कोणता, मी चालू शकते की नाही, यातलं एक अक्षर नाही. ती अनुदानाची यादी होती! त्या कागदाच्या भरवशावर मी दोन महिने निवांत झोपले होते.

दिव्यांग हक्क कायदा २०१६ सालचा. त्याच्या आठव्या कलमात लिहिलं आहे की जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणानं दिव्यांगांच्या तपशिलाची नोंद ठेवावी आणि धोक्याची सूचना त्यांना कळेल अशी द्यावी. म्हणून तोंडी सांगू नका. अर्ज द्या, पोच घ्या. 'मला दोन माणसं लागतात, जिना चढता येत नाही' असं सरळ लिहा.

उचलणारी माणसं आधी ठरवा. एक नको, चार. एक शेतात असतो, एक बाजाराला. बाई असाल तर त्यांत दोन बाया हव्यातच. मृग लागायच्या आत एकदा त्यांच्याकडून खरंच उचलून घ्या. हात ओढायचा नाही. हात असलेली प्लास्टिकची खुर्ची घ्यायची, ओढणीनं कमरेला बांधायचं, एकानं खुर्चीची पाठ धरायची, एकानं तिचे पुढचे पाय. कॅलिपर, कुबड्या, कुबडीचे जादा रबर रात्री उशाशी. आठवड्याची औषधं आणि दिव्यांग प्रमाणपत्र प्लास्टिकच्या पिशवीत. टॉर्च, बिस्किटं ठेवा, १०७७ आणि ११२ पाठ करा, हे तर सगळेच सांगतात.

ऐकू येत नाही त्यांना भोंग्याचा उपयोग शून्य. कोणी तरी दारात येऊन हलवून उठवायचं, हे नावानिशी ठरलेलं हवं. आमच्या गल्लीतल्या आजोबांना तर पाणी अंथरुणात आलं तेव्हाच कळलं.

यंदा मी अर्ज घेऊन गेले, तर समोर तोच कर्मचारी. "ताई, नाव तं हाय ना यादीत?" मी पोच मिळेपर्यंत खुर्चीवरून उठले नाही.