कॅमेऱ्याची निवड : एक तौलनिक विचार

आमच्या नरखेड तालुक्यातला शेतकरी बाजारातून बैल आणतो तेव्हा त्याचे दात मोजतो, चाल पाहतो, खूर उचलून बघतो आणि मगच पैशाला हात घालतो. असे असताना चाळीस हजार रुपयांचा कॅमेरा मीच का डोळे झाकून घ्यावा? या विचाराने २०२३ च्या दिवाळीनंतर पंधरा दिवस मी दोन कॅमेऱ्यांचा अभ्यास केला. त्याचे सार वार्षिकांकाच्या वाचकांपुढे ठेवीत आहे. मी कला शाखेची विद्यार्थिनी. पदार्थविज्ञानाचा आणि माझा संबंध दहावीतच संपला. त्यामुळे जे समजायला मला वेळ लागला, ते शक्य तितक्या सोप्या शब्दांत सांगण्याचा प्रयत्न करते.

प्रथम, कॅमेरा कशासाठी हवा होता ते सांगणे आवश्यक आहे. कारण पुढची सारी तुलना त्याच्यावरच उभी आहे. ३० जुलै १९९१ रोजी वर्धा नदीचा पूर मोवाड गावात शिरला आणि दोनशेहून अधिक माणसे दगावली. आमचे घरही त्या पुरात गेले. घरात एक लोखंडी पेटी होती आणि त्या पेटीत माझ्या आजोबांचा एकुलता एक फोटो होता. आजोबा त्यापूर्वीच वारले होते. बाबा तेव्हा नऊ वर्षांचे होते. आता वडिलांचा चेहरा नीटसा आठवत नाही, असे ते कधीतरी बोलून जातात. आजीने ऐंशी ओलांडली आहे. तिचा आणि तिच्या बरोबरीच्या, पूर पाहिलेल्या माणसांचा एकेक चांगला फोटो काढून ठेवावा, असे माझ्या मनाने घेतले. हे काम पुढच्या वर्षावर ढकलण्यासारखे नव्हते.

पैसे बाबांनी दिले. आंबिया बहाराच्या संत्र्यांचे आले होते, त्यातलेच. विहिरीवरच्या मोटारीचे वाइंडिंग करायचे म्हणून ते बाजूला काढले होते. "मोटारचं पाहू नंतर," एवढेच ते म्हणाले. म्हणून माझ्या अभ्यासाला थोडी धास्तीही होती.

"खिशात मोबाईल असताना कॅमेरा कशाला?" असा प्रश्न वर्गातल्या बहुतेकांनी विचारला. मोबाईलचा संवेदक, म्हणजे ज्या पृष्ठभागावर प्रकाश पडून चित्र उमटते तो भाग, नखाएवढा असतो. उजेड कमी पडला की मोबाईल अनेक चित्रे एकत्र करून एक चित्र बनवतो. त्यात सुरकुत्या पुसल्या जातात आणि कातडी मेणासारखी दिसते. मला तर त्या सुरकुत्याच हव्या होत्या.

डिजिटल एसएलआर कॅमेऱ्यात भिंगातून आलेला प्रकाश आतल्या तिरप्या आरशावर पडून वर वळतो आणि आपल्या डोळ्यापर्यंत येतो. बटण दाबले की आरसा वर उचलला जातो, शटर उघडते आणि तोच प्रकाश मागच्या संवेदकावर पडतो. असा पहिला विक्रीचा कॅमेरा कोडॅक कंपनीने १९९१ साली, म्हणजे मोवाडच्या पुराच्याच वर्षी आणला. तो निकॉनच्या फिल्म कॅमेऱ्यावर बेतलेला होता आणि त्याची क्षमता होती अवघी १.३ मेगापिक्सेल. पुढे २०१८ साली कॅनन आणि निकॉन या दोन्ही कंपन्यांनी आरसा नसलेले मोठ्या संवेदकाचे नवे कॅमेरे आणले आणि त्यांचे लक्ष तिकडे वळले. ते कॅमेरे माझ्या ऐपतीबाहेरचे होते. त्याच २०१८ साली दोघांनी नवशिक्यांसाठी एकेक साधा एसएलआरही काढला होता : कॅननचा ईओएस १५०० डी आणि निकॉनचा डी ३५००. माझी निवड या दोघांत होती.

आता मुद्दे क्रमाने घेऊ.

पहिला मुद्दा मेगापिक्सेलचा. कॅननचे २४.१, निकॉनचे २४.२. दुकानात याच आकड्यावर सर्वांत जास्त चर्चा चालते आणि याच आकड्याला सर्वांत कमी अर्थ आहे. दोन्हींचे चित्र सुमारे ६००० बाय ४००० ठिपक्यांचे. इंचाला ३०० ठिपके धरले तरी २० इंच रुंद छपाई सहज होते. आपल्या घरातली चौकट बहुधा याहून लहानच असते.

दुसरा मुद्दा संवेदकाच्या आकाराचा. कॅननचा २२.३ बाय १४.९ मिलिमीटर, निकॉनचा २३.५ बाय १५.६ मिलिमीटर. गुणाकार केला तर निकॉनचे क्षेत्रफळ सुमारे दहा टक्क्यांनी अधिक भरते. लाभ खरा, पण लहान.

तिसरा मुद्दा संवेदनशीलतेचा, म्हणजे आयएसओचा. कॅननची नेहमीची मर्यादा ६४००, निकॉनची २५६००. अर्थात शेवटच्या आकड्यापर्यंत गेले की चित्रात रवा दिसू लागतो; पण मधल्या पायऱ्यांवर निकॉनची चित्रे मला अधिक स्वच्छ वाटली.

चौथा मुद्दा बॅटरीचा. एका भरणीत कॅनन सुमारे ५०० चित्रे देतो, निकॉन १५५०. उन्हाळ्यात आपल्याकडे वीज कधी जाईल आणि कधी येईल याचा नेम नसतो, हे वाचकांना सांगायला नको.

पाचवा मुद्दा सोयींचा. कॅननला वायफाय आहे, त्यामुळे चित्रे मोबाईलवर चटकन जातात. निकॉनला केवळ ब्लूटूथ असून त्यावरून लहान आकाराचीच चित्रे आपोआप जातात. येथे कॅनन सरस. बाहेरचा मायक्रोफोन जोडण्याची सोय दोघांनाही नाही. संवेदकावरची धूळ आपोआप झटकण्याची यंत्रणाही दोघांत नाही. तेव्हा भिंग बदलायचे ते घरात, पंखा बंद करून. बांधावर उभे राहून नव्हे.

येथवर पारडे निकॉनकडे झुकत होते. पण एक अडचण होती. निकॉनने या कॅमेऱ्याचे उत्पादन बंद केले होते. मला मिळाला असता तो कोणीतरी वापरलेला. कॅनन मात्र नवा कोरा आणि हमीसह मिळत होता. मैत्रिणींचा कौल नव्याकडे होता. "दुसऱ्याची वस्तू कशाला?" हे त्यांचे म्हणणे सहजी उडवून लावण्यासारखे नव्हते.

निर्णय झाला तो आजीच्या खोलीत. आमच्या एका सरांनी त्यांचा जुना कॅमेरा मला दोन दिवसांसाठी दिला होता. त्याला १८ ते ५५ मिलिमीटरचे नेहमीचे भिंग होते. माझ्या यादीतल्या दोन्ही कॅमेऱ्यांबरोबर असेच भिंग मिळते. आजीची खोली दहा फूट बाय दहा फूट, आणि तिला एकच खिडकी. आजी खाटेवर बसली. मी फ्लॅश उघडला तशी ती म्हणाली, "फोटो काढ बाई, पण थो उजेड डोयात नोको मारू." तिच्या डोळ्यांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेले आहे. मी फ्लॅश मिटला. आयएसओ १६०० वर कॅमेऱ्याने सेकंदाचा दहावा भाग इतका वेळ मागितला. मी श्वास रोखून बटण दाबले. मागची भिंत, कॅलेंडर, खाटेची दोरी असे सर्व स्पष्ट आले. आजीचा चेहरा तेवढा पुसट आला, कारण तिची मान सतत थोडी हलते.

भिंगात थरथर रोखण्याची जी योजना असते, ती कॅमेरा धरणाऱ्याच्या हाताची थरथर सावरते. समोरच्या माणसाची नाही. समोरचा माणूस हलत असेल तर शटर अधिक वेगाने मिटले पाहिजे, आणि त्यासाठी भिंगातून अधिक प्रकाश आत आला पाहिजे. येथे एफ या आकड्याचा अर्थ मला कळला. भिंगाच्या नाभीय अंतराला छिद्राच्या व्यासाने भागले की हा आकडा मिळतो. म्हणून आकडा लहान, तर छिद्र मोठे. नेहमीचे भिंग ५५ मिलिमीटरवर असताना फार तर एफ ५.६ पर्यंत उघडते; म्हणजे छिद्र साधारण दहा मिलिमीटरचे. एफ १.८ चे भिंग घेतले तर संवेदकावर जवळजवळ दहापट प्रकाश पडतो. सेकंदाच्या दहाव्या भागाऐवजी शंभरावा भाग पुरतो आणि मान हलली तरी चेहरा स्पष्ट येतो. दोन कॅमेऱ्यांच्या संवेदकांतील फरक दहा टक्क्यांचा आणि दोन भिंगांतील फरक दहापटीचा! इतके दिवस मी चुकीच्या वस्तूंची तुलना करीत होते.

तेव्हा प्रश्न बदलला. चाळीस हजारांत कोणत्या कॅमेऱ्याबरोबर एफ १.८ चे, आजीच्या खोलीला साजेसे भिंग बसते? कॅननचे ५० मिलिमीटर एफ १.८ हे भिंग स्वस्त आणि चांगले आहे. पण आठ फुटांवरून त्यात आडवे साडेतीन फूटच मावते. आजी मावते, खाट, खिडकी आणि भिंत मावत नाही. निकॉनचे ३५ मिलिमीटर एफ १.८ हे भिंग तेवढ्याच अंतरावरून सुमारे सव्वापाच फूट घेते. शिवाय नवा कॅनन घेतला तर भिंगासाठी माझ्याजवळ जेमतेम दोन हजार उरत होते. वापरलेला निकॉन आणि वापरलेले ३५ चे भिंग मिळून चौतीस हजारांत बसत होते.

येथे एक सावधगिरी सांगते. निकॉनची भिंगे जोडण्याची पद्धत १९५९ पासून चालत आलेली आहे, त्यामुळे जुनी भिंगे बाजारात पुष्कळ मिळतात. पण डी ३५०० च्या आत भिंग फिरवणारी मोटर नाही. जुन्या डी जातीचे भिंग लावले तर चित्राची स्पष्टता हाताने जुळवावी लागते. एएफ-एस असे लिहिलेले भिंग घ्यावे. कॅननच्या ईएफ भिंगांत मोटर पहिल्यापासून भिंगातच असल्याने तेथे हा घोटाळा होत नाही.

मी निकॉन घेतला. सीताबर्डीच्या एका दुकानात तासभर बसून तो पारखला. शटर आजवर किती वेळा उघडले याचा आकडा निकॉनच्या चित्राबरोबर नोंदलेला असतो. तो संगणकावर पाहून घेतला. भिंग उजेडासमोर धरून आत बुरशी नाही ना, ते पाहिले. पांढऱ्या कागदाचे चित्र काढून संवेदकावर डाग नाहीत, याची खात्री केली. बैलाचे दात मोजावेत तसेच हे.

जानेवारी २०२४ मध्ये आजीचा फोटो काढला. एफ १.८ वर चार फुटांवरून जेमतेम तीन इंच खोलीचा पट्टा स्पष्ट येतो, म्हणून नेम अचूक तिच्या डोळ्यावर धरला. वीस चित्रांतली चार साधली. त्यांतले एक छापून आणले. आजीने ते खिडकीपाशी नेऊन बराच वेळ पाहिले आणि माझ्या हातात परत देत म्हणाली, "पेटीत नोको ठिवू. दोन घरी ठेव."

तेव्हापासून प्रत्येक चित्राची एक प्रत घरी आणि एक नागपूरला मावशीकडे ठेवते. आजवर अकरा माणसांचे फोटो झाले आहेत. उरलेल्या सहा हजारांतून कार्ड आणि पिशवी घेतली, आणि राहिलेले पैसे बाबांना परत केले. मोटारीच्या वाइंडिंगला ते पुरले नाहीत. पण थोडा हातभार लागला.