साडेतीनची जाग म्हणजे ब्राह्ममुहूर्त नव्हे

पहाटे साडेतीनला डोळे उघडतात आणि मग काही केल्या मिटत नाहीत, ही तक्रार घेऊन माणूस आपल्याकडे कुणाजवळही गेला तरी आधी त्याचं कौतुक होतं. ‘ब्राह्ममुहूर्तावर जाग येते, भाग्य लागतं त्याला!’ माझ्या मोठ्या दिरांनी हे इतक्यांदा ऐकवलं, की शेवटी मी पंचांगच त्यांच्यापुढे ठेवलं. ब्राह्ममुहूर्त सूर्योदयाच्या ९६ मिनिटं आधी सुरू होतो आणि ४८ मिनिटं आधी संपतो. पुण्यात जूनच्या सुरुवातीला सूर्य सहाच्या सुमारास उगवतो, जानेवारीत सात वाजून गेल्यावर. म्हणजे हा मुहूर्त उन्हाळ्यात साधारण साडेचारच्या आधी थोडा आणि थंडीत साडेपाचला लागतो. साडेतीनला तो कुठल्याच ऋतूत येत नाही. शिवाय वाग्भटाने अष्टांगहृदयात पहाटे उठायला सांगितलं आहे ते निरोगी माणसाला. जिची झोप पुरी होत नाही आणि जी दुपारी बाराला ऑफिसात डोळे ताणून बसते, तिला हा दाखला देऊ नये.

भाऊजींनी पंचांग मिटलं आणि विषय बदलला.

या दुखण्याकडे कुणी दुखणं म्हणून बघत नाही, याचं आणखी एक कारण आहे आणि ते बोलायला लोकांना आवडत नाही. पहाटे उठणाऱ्या बाईचा घराला फायदा होतो. साडेतीनला जाग आलेली बाई अंथरुणात तळमळून कंटाळते, चारला उठते, कणीक भिजवते, भाजी फोडणीला टाकते. पाचला डबे तयार, पाणी भरून झालेलं, ओटा पुसलेला. पहिल्या आठवड्यात घरचे विचारतात, ‘झोप नाही का लागली?’ महिन्याभराने विचारणं थांबतं आणि डबा पाचला तयार असणं हा घराचा नियम होऊन बसतो. मी रात्री आठपासून जांभया देत होते, वाक्य अर्ध्यावर विसरत होते, गाडी चालवताना सिग्नल हिरवा झालेला कळत नव्हता. घरात एकानेही या दोन गोष्टी एकमेकींना जोडून पाहिल्या नाहीत.

रात्रीच्या उत्तरार्धात झोप मोडणं शरीराच्या रचनेतच सोपं असतं. स्विस शास्त्रज्ञ अलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२मध्ये मांडलेली कल्पना आजही झोपेच्या अभ्यासाचा पाया मानली जाते. झोप दोन गोष्टींवर टिकते. जागेपणी दिवसभर साठत जाणारा झोपेचा दाब ही एक आणि मेंदूतलं चोवीस तासांचं घड्याळ ही दुसरी. भुकेल्या माणसाची भूक पहिल्या काही घासांतच मोडते, तसा साठलेला दाब रात्रीच्या पहिल्या तीन-चार तासांतल्या गाढ झोपेत बराचसा उतरतो. पुढची झोप हलकी आणि स्वप्नांची. त्यात शरीराचं तापमान तळाला जाऊन पुन्हा चढू लागतं, कॉर्टिसॉल हे संप्रेरक वाढू लागतं. या तासांत माणसाला झोपेत धरून ठेवण्याचं काम मुख्यतः घड्याळाकडे असतं. ते घड्याळ पुढे सरकलं, तर शरीराच्या दृष्टीने साडेतीनलाच सकाळ होते. हे घड्याळ पेशींच्या आत कसं चालतं, ते फळमाशीवर काम करून दाखवणाऱ्या हॉल, रॉसबाश आणि यंग या तिघांना २०१७चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. एवढा हा विषय गंभीर आहे, ‘तू फार विचार करत बसतेस’ एवढ्यावर निकालात काढण्यासारखा नाही.

आमचे जुने फॅमिली डॉक्टर मात्र तेवढ्यावरच थांबले. ‘वय झालं की झोप कमीच होते,’ हे त्यांचं पहिलं वाक्य. वयाबरोबर घड्याळ थोडं पुढे सरकतं आणि झोप हलकी होते, हे खरं आहे. पण म्हणून दिवसभर डोळ्यांवर झापड येणं वयात बसत नाही. मग त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या. रात्री लवकर आडवं व्हा, म्हणजे झोप भरून निघेल. जाग आलीच आहे तर उजाडता उजाडता टेकडीवर फिरून या. आणि झोल्पिडेमची दहा मिलिग्रॅमची गोळी. हे सगळं सांगून होईपर्यंत मी किती वाजता झोपते, हे त्यांनी विचारलं नव्हतं. गोळी झोपण्याआधी घ्यायची, एवढाच खुलासा. मी तिन्ही गोष्टी नेमाने केल्या आणि जाग साडेतीनवरून तीनच्या आत आली.

त्या गोळीबद्दल स्पष्ट लिहायलाच हवं. झोल्पिडेम मुख्यतः झोप लागत नाही अशांसाठी आहे. तिचा अर्धा अंश साधारण अडीच तासांत शरीरातून निघून जातो. ज्या बाईला पाठ टेकताच झोप लागते आणि पहाटे मोडते, तिला नऊला ही गोळी देऊन तीनच्या जागेवर काय उपाय होणार? अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने जानेवारी २०१३मध्ये स्त्रियांसाठी या गोळीची शिफारस दहा मिलिग्रॅमवरून पाचवर आणली. स्त्रियांच्या शरीरातून ती हळू निघते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी चालवण्याइतकी सावधता राहत नाही, हे त्यामागचं कारण. मी स्कूटरवर कामाला जाणारी बाई आहे. हे मला कुणीतरी सांगायला हवं होतं. आपल्याकडे ही गोळी शेड्यूल एच-१मध्ये आहे, म्हणजे चिठ्ठी पाहून, नोंदवहीत लिहूनच ती द्यायची असते. २०१४पासून हा नियम लागू आहे. कोपऱ्यावरचा औषधवाला जुन्या चिठ्ठीवर ती निमूट देत राहिला. तीनला जाग आल्यावर दुसरी गोळी घेण्याचा सल्लाही एका परिचितांनी दिला. असं कधीही करू नका. उठायच्या वेळेआधी सात-आठ तास हातात नसतील, तर ही गोळी घ्यायचीच नसते.

उलगडा झाला तो दुसऱ्या डॉक्टरांकडे, मानसोपचार विभागात. त्यांनी गोळीचं नावही काढलं नाही. दोन आठवड्यांची कोरी वही दिली. आडवं किती वाजता झालात, अंदाजे झोप किती वाजता लागली, जाग केव्हा आली, दुपारी डुलकी लागली का, चहा किती वाजता घेतला, उजेडात केव्हा गेलात. वही बघून त्यांनी बोट ठेवलं ते झोपेच्या वेळेवर. नऊला अंथरुणात, साडेनऊच्या आत झोप, तीनच्या आसपास जाग. शिवाय संध्याकाळी मालिका सुरू असताना सोफ्यावर लागलेली डुलकी. ‘तुमची झोप मुख्यतः मोडलेली नाही, सरकली आहे. आणि तुम्हाला दिलेल्या सल्ल्याने ती आणखी सरकली,’ त्या म्हणाल्या. मी त्या खोलीतच रडले. इतके महिने मीच काहीतरी चुकत असेन, मनच खंबीर नसेल, असं सगळ्यांनी ठरवलं होतं, आणि इथे कळत होतं की मला सांगितलेलं सगळं मी पाळलं म्हणूनच ते आणखी बिघडलं होतं.

उजेडाचं शास्त्र त्यांनी तेव्हा समजावलं. शरीराचं तापमान नेहमीच्या जागेच्या साधारण दोन तास आधी तळाला असतं. त्यानंतर डोळ्यांवर पडलेला उजेड घड्याळ पुढे ढकलतो, त्याआधी, म्हणजे संध्याकाळी आणि रात्री पडलेला उजेड मागे. उशिरा झोपून उशिरा उठणाऱ्या तरुणाला पहाटेचं फिरणं औषध आहे. तीनला जागणाऱ्याने उजाडताच टेकडीवर जाणं म्हणजे दुखण्याला खतपाणी. अमेरिकेतल्या युटामध्ये संध्याकाळी साडेसातच्या सुमारास झोपून साडेचारच्या सुमारास उठणारी माणसं असलेली कुटुंबं १९९९मध्ये शास्त्रज्ञांनी नोंदवली आणि अशा एका कुटुंबातला दोष २००१मध्ये पीईआर-२ या जनुकात सापडला. त्या माणसांना आळशी किंवा पुण्यवान म्हणून काय मिळणार होतं?

म्हणून पहिलं काम फिरण्याची वेळ बदलण्याचं. माझं फिरणं संध्याकाळी साडेपाचला गेलं, ऊन असताना. सकाळी लवकर बाहेर पडावंच लागलं तर गॉगल. संध्याकाळी घरात मिणमिणता दिवा नको. हॉलमधले सगळे दिवे लावून, उठून काहीतरी करत राहायचं. आठची सोफ्यावरची डुलकी हा या दुखण्यातला सगळ्यात मोठा चोर आहे, कारण रात्रीसाठी साठवलेला दाब ती तिथेच खर्च करून टाकते. घरच्यांना सांगून ठेवा, डोळा लागला तर हलवून उठवा. माझ्या घरी हे काम आनंदाने झालं नाही, ‘झोपू दे की तिला’ म्हणणारेच निघाले.

झोपायची वेळ एकदम दोन तास उशिरा नेता येत नाही. काही दिवसांआड पंधरा-वीस मिनिटं अशी ती रेटायची आणि उठायची वेळ मात्र एकच ठेवायची, रविवारीसुद्धा. अंथरुणात घालवायचा वेळ प्रत्यक्ष झोपेइतकाच आखून देण्याची पद्धत आर्थर स्पीलमन यांची. जाग येऊन वीसेक मिनिटं झाली असं वाटलं तर उठून दुसऱ्या खोलीत जायचं, झोप आली तरच परतायचं, ही रिचर्ड बूट्झिन यांची, १९७२ची. दोन्ही मिळून ज्या उपचाराचा भाग होतात त्याला सीबीटी-आय म्हणतात. जुनाट निद्रानाशासाठी गोळ्यांच्या आधी हाच उपचार द्यावा, अशी शिफारस अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६मध्ये केली. वेळ आखण्याचा प्रकार पाच तासांच्या खाली नेऊ नका. फिट्स येणाऱ्यांनी, बायपोलर आजार असणाऱ्यांनी आणि दिवसभर वाहन चालवणाऱ्यांनी तो डॉक्टरांशिवाय करूच नये.

दुसऱ्या खोलीत गेल्यावर मंद दिव्यात बसा. स्वयंपाकघरात जाऊ नका! तिथला ट्यूबलाइट, गॅस आणि कामाची यादी तुम्हाला पुरतं जागं करतात, आणि डबे तयार झाले की घराची सोयही तशीच चालू राहते. माझ्याकडे डबे आता साडेसहाला होतात. पहिले काही दिवस घुसमट झाली सगळ्यांची, मग मुलगा स्वतःचा डबा भरायला शिकला. घड्याळ भिंतीकडे वळवून ठेवा, मोबाइल दुसऱ्या खोलीत. किती वाजले हे कळताच मन ‘आता अडीच तासच उरले’ असा हिशेब मांडतं आणि झोप जाते.

दुपारनंतर चहा-कॉफी नको, हे सगळेच सांगतात आणि ते बरोबर आहे. कॅफीनचा अर्धा अंश उतरायला साधारण पाच तास लागतात. ‘एक पेग घेतला की छान झोप लागते’ हे मात्र अर्धंच खरं आहे. दारू झोप लावते आणि ती उतरू लागली की रात्रीच्या उत्तरार्धात झोप मोडते.

प्रत्येकाची जाग घड्याळामुळेच येते असं नाही. रात्री लघवीला उठावं लागणं, प्रोस्टेट, थायरॉइड वाढणं, पाळी जाण्याच्या काळातले गरम झोत, घोरताना श्वास अडकणं, सायंकाळी घेतलेली लघवी वाढवणारी गोळी, ही कारणं डॉक्टरांनी विचारून तपासायची असतात. आणि एक कारण सगळ्यांत आधी विचारायचं असतं. नेहमीपेक्षा दोन तास आधी जाग येते, त्या वेळी मन सगळ्यात काळवंडलेलं असतं, दिवस चढेल तसं थोडं बरं वाटतं, खाण्यात-माणसांत रस उरत नाही, हे गंभीर नैराश्याचं ठळक लक्षण आहे. अशा माणसाला दिव्यांच्या आणि वेळांच्या युक्त्या सांगत बसू नका. जगणं नको वाटत असेल तर त्याच दिवशी मदत मिळवा. केंद्र सरकारची टेली-मानस ही सेवा २०२२पासून १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे आणि मराठीतही बोलता येतं.

आठवड्यातून तीन रात्री, तीन महिने हे चाललं असेल तर ‘वय झालं’ ऐकून परतू नका. दोन आठवड्यांची वही लिहूनच डॉक्टरांकडे जा आणि त्यांच्यासमोर उघडून ठेवा. ती न बघता कुणी गोळी लिहायला घेतली, तर चिठ्ठी तिथेच ठेवून दुसऱ्या डॉक्टरांकडे जा. आणि घरात कुणी रोज चारला ओट्यापाशी उभी असेल, तर तिचं कौतुक करू नका. ती किती वाजता झोपते हे विचारा आणि पुढच्या वेळी दवाखान्यात तिच्याबरोबर तुम्हीही जा.