आधी प्लग काढून बघ

अगं, इंटरसेप्टर बाईकला नवा सायलेन्सर लावलास, थ्रॉटल सोडला की फटाके वाजायला लागले, आणि लगेच ट्यूनिंगचा डबा घ्यायला निघालीस? जरा दम धर. सायलेन्सरचा सांधा आणि इंजिनजवळची गॅस्केट आधी तपासून घे. ऑक्सिजन सेन्सरच्या अलीकडे कुठे गळती असली की सेन्सरला जास्तीची हवा दिसते, इसीयूला, म्हणजे इंजिनच्या संगणकाला, वाटतं पेट्रोल कमी पडतंय, आणि तो उगाच पेट्रोल वाढवत बसतो. अशा गाडीला काहीही लाव, पैसे पाण्यात.

मग दोन्ही प्लग काढ. टोकं फिकट तपकिरी असतील तर गप्प बस, गाडी ठणठणीत आहे. काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त. पांढरीफटक असतील, गाडी एकसारख्या वेगात झटके देत असेल, तरच पुढचं बोलू.

स्वस्तातला डबा हवेच्या तापमानाच्या सेन्सरशी खेळतो. हवा आहे त्यापेक्षा थंड आहे अशी इसीयूला थाप मारायची, की तो सरसकट पेट्रोल वाढवतो. पण एका वेगात गाडी चालली की ऑक्सिजन सेन्सर जागा होतो आणि मिश्रण परत १४.७ भाग हवेला एक भाग पेट्रोल या हिशेबाकडे ओढतो. म्हणजे जिथे झटके बसतात तिथेच थाप उघडी पडते. मला नाही पटत.

पिगीबॅक त्यापेक्षा बरा. बेंगळुरूच्या रेस डायनॅमिक्सचा पॉवरट्रॉनिक बघ. मूळ वायरिंगच्या मधे कपलरने बसतो, पेट्रोलबरोबर इग्निशनचं टायमिंगही बदलतो, आणि काढला की गाडी पहिल्यासारखी. वॉरंटीचा वाद मात्र त्याने टळतोच असं नाही. आणि कपलर नीट बसवून घे, नाहीतर पावसात पाणी शिरून ऐन घाटात मिसिंग.

वॉरंटी संपली असती तर मी तुला फ्लॅशच सुचवला असता. इसीयूतला मॅपच बदलायचा, जादा वायर नाही, डबा नाही. पण तो मॅप तुझ्याच गाडीवर, डायनोवर, म्हणजे ताकद मोजायच्या यंत्रावर चढवून, मिश्रण मोजत केलेला हवा. परदेशातून फाइल मागवणार असशील तर ती कुठल्या पेट्रोलवर बनवली ते विचार. आपल्या पंपावरच्या ई२०मध्ये वीस टक्के इथेनॉल असतं, त्याला तेवढ्याच हवेत जास्त इंधन लागतं.

आणि खरं सांगू? नुसत्या सायलेन्सरवर ६४८ सीसीच्या इंजिनात ताकद फारशी वाढत नाही. हातात येते ती सफाई. तेवढ्यासाठी खर्च करायचा असेल तर कर, फक्त आईला किंमत सांगू नकोस. तेवढ्यात सोनं आलं असतं म्हणेल.

डायनोवाल्याकडून आधीचा आणि नंतरचा, दोन्ही ग्राफ मागून घे आणि मला पाठव. नुसता ताकदीचा नको, हवा-पेट्रोलचाही हवा. तो द्यायला कुरकुर करणारा असेल तर दुसरा शोध. जुना सायलेन्सर भंगारात देऊ नकोस, वॉरंटीचं काम निघालं की तोच लागेल.