काचपेटीतील समुद्राचा जमाखर्च

एरंडोलजवळच्या पद्मालयाला तुमच्यापैकी अनेक जण गेले असतील. गणपतीच्या देवळाजवळ कमळांचे तळे आहे. कमळाची मुळे तळाच्या गाळात असतात. पानापाचोळा कुजून त्या गाळात नत्र आणि स्फुरद, म्हणजेच नायट्रोजन आणि फॉस्फरस, साठतात. त्यांवर कमळ पोसते. खताच्या गोणीवर हीच नावे तुम्ही वाचली असतील.

प्रवाळाची गोष्ट नेमकी उलटी आहे. लक्षद्वीपच्या प्रवाळभित्तींभोवतीचे पाणी नितळ असते, कारण त्यात ही दोन्ही द्रव्ये अत्यल्प असतात. ती वाढली की शेवाळ माजते व प्रवाळांना झाकून टाकते. शिवाय फॉस्फेट जास्त झाले तर प्रवाळाला आपला चुन्याचा सांगाडा बांधणे अवघड जाते. म्हणून मत्स्यालयातील काचेच्या पेटीत प्रवाळ सांभाळणाऱ्यांना नायट्रेट आणि फॉस्फेट यांच्यावर सतत नजर ठेवावी लागते. ही द्रव्ये येतात कोठून आणि जातात कोठे?

जमेची बाजू

समजा, २०० लिटरच्या पेटीत आपण माशांना रोज १ ग्रॅम कोरडे खाद्य टाकतो. त्यात साधारण ४५ टक्के प्रथिने असतात आणि प्रथिनांत सुमारे १६ टक्के नायट्रोजन असतो. म्हणजे १ ग्रॅम खाद्यात ७२ मिलिग्रॅम नायट्रोजन आला. माशांची विष्ठा व उरलेले खाद्य यांपासून अमोनिया तयार होतो. जिवाणू त्याचे आधी नायट्राइट व मग नायट्रेट करतात. पहिले दोन विषारी असतात, नायट्रेट त्या मानाने सौम्य. १४ भाग नायट्रोजनापासून ६२ भाग नायट्रेट होते. तेव्हा ७२ मिलिग्रॅमचे सुमारे ३२० मिलिग्रॅम, म्हणजे दर लिटरला १.६ मिलिग्रॅम झाले.

खाद्यात फॉस्फरस सुमारे १ टक्का, म्हणजे १० मिलिग्रॅम धरू. त्याचे फॉस्फेट सुमारे ३० मिलिग्रॅम होते, म्हणजे दर लिटरला ०.१५ मिलिग्रॅम. हा आकडा लहान वाटतो ना? पण प्रवाळांच्या पेटीत फॉस्फेट ०.१ मिलिग्रॅमच्या आत राखण्याचा प्रयत्न असतो. एका दिवसाचे खाद्यच ती मर्यादा ओलांडू शकते! काही भाग माशांच्या अंगी लागतो हे खरे; तरी आठवड्याला नायट्रेट १० व फॉस्फेट १ मिलिग्रॅमच्या आसपास जमा होऊ शकते.

पाणी बदलले तर?

दर आठवड्याला दहावा हिस्सा पाणी बदलले तर नायट्रेट किती राहील? ते वाढत वाढत १०० मिलिग्रॅमवर स्थिरावेल. कारण १०० मधून दहावा हिस्सा, म्हणजे १०, गेले की ९० उरतात आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा १० येतात. नियम सोपा आहे : आठवड्याची भर भागिले बदललेला हिस्सा. पाचवा हिस्सा बदलला तरी पातळी ५० पर्यंत जाईल. पेटीला १० च्या आसपास पातळी हवी असते. याचा अर्थ नुसत्या पाणी बदलण्याने भागत नाही.

शिवाय नवे पाणीही शुद्ध हवे. पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅमपर्यंत नायट्रेट चालते. शेतातील खत झिरपलेल्या विहिरीचे असे पाणी प्रवाळांसाठी मुळीच योग्य नाही. म्हणून आर.ओ. यंत्रातून गाळलेल्या पाण्यात समुद्री क्षार मिसळतात.

खर्चाच्या बाजू

पहिला उपाय अर्थातच खाद्य बेताने देणे. दुसरा उपाय फेसाचा. स्किमर नावाच्या नळकांड्यात हवेचे बारीक बुडबुडे सोडतात. प्रथिनांसारख्या रेणूंचा एक भाग पाण्याकडे ओढ घेतो, दुसरा पाण्यापासून दूर पळतो. म्हणून ते बुडबुड्याच्या पृष्ठभागावर गोळा होतात. बुडबुड्याचा व्यास दहावा हिस्सा केला तर तेवढ्याच हवेचे पृष्ठफळ दहापट होते. खाऱ्या पाण्यात बुडबुडे सहज एकत्र होत नाहीत, बारीकच राहतात. वर आलेला मळकट फेस काढून टाकला की घाण कुजण्यापूर्वीच बाहेर जाते.

तिसरा उपाय दगडांत दडलेला असतो. सच्छिद्र दगडाच्या आत प्राणवायू पोचत नाही. तेथील जिवाणू नायट्रेटमधला ऑक्सिजन वापरतात. नायट्रोजन वायू मोकळा होऊन हवेत निघून जातो. याला विनायट्रीकरण म्हणतात.

येथेच दोन द्रव्यांतला मोठा फरक दिसतो. नत्राला हवेचे दार उघडे आहे, स्फुरदाला असे दार नाही. पेटीत फॉस्फरसाचा वायू होऊन तो उडून जात नाही. तो हाताने बाहेर काढावा लागतो. त्यासाठी लोखंडाच्या गंजाच्या जातीचे दाणे वापरतात. फॉस्फेट त्यांना चिकटते. दाणे भरले की ते बदलायचे. किंवा शेजारच्या कप्प्यात दिव्याखाली समुद्रशैवाल वाढवतात आणि कापून फेकतात. कापले नाही तर तेच कुजून सारे परत करते! आणखी एक अडचण आहे. चुन्याचे दगड फॉस्फेट धरून ठेवतात व पाण्यातले कमी झाले की पुन्हा सोडतात. म्हणून पातळी उतरायला वेळ लागतो.

मग पातळी शून्यावर आणावी काय? नाही. प्रवाळाच्या पेशींत राहणाऱ्या सूक्ष्म शैवालांना दोन्ही द्रव्ये थोडी लागतातच. नायट्रेट भरपूर पण फॉस्फेट नाही, अशा स्थितीत प्रवाळ उष्णतेने व प्रकाशाने लवकर पांढरे पडतात, असे २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले.

एक सूचना. मालवणच्या समुद्रातही प्रवाळ आहेत. पण हौसेखातर ते काढू नयेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने भित्ती बांधणाऱ्या प्रवाळांना संरक्षण आहे.

गावच्या तळ्यालाही हाच जमाखर्च लागू आहे. निर्माल्य, साबणाचे पाणी, शेतातून वाहून आलेले खत ही जमा. त्यातल्या स्फुरदाचा खर्च करायचा तर वनस्पती व गाळ उपसूनच. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना महाराष्ट्रात २०१७ साली सुरू झाली. ट्रॉली भरून गाळ शेतात नेणारा शेतकरी नकळत स्फुरदाला तेच एक दार उघडून देत असतो.

करून पाहा

एक लिटर पाण्यात चमचाभर शाई टाका. ढवळून पाव लिटर पाणी काढा व तेवढेच स्वच्छ पाणी घाला. असे बारा वेळा करा. शेवटी पुन्हा एक चमचा शाई टाकून ढवळा. दुसऱ्या भांड्यात एक लिटर पाण्यात एकदम चार चमचे शाई टाका. दोन्ही रंगांची तुलना करा.

विचार करा

१. वरील प्रयोगात चारच चमचे का घेतले?
२. दर वेळी निम्मे पाणी बदलले तर रंग किती चमच्यांवर स्थिरावेल?