वळवाचा पाऊस शेतात काय घेऊन येतो?



विहिरीचे पाणी देऊनही जे पीक मलूल दिसते, ते वळवाच्या एका सरीनंतर दोन-चार दिवसांत हिरवेगार होते, हा आपणा सर्वांचा अनुभव आहे. त्यावरून काहीजण म्हणतात, "आभाळातून खत पडते, मग युरियाला पैसे कशाला?" यात खरे किती, ते आज पाहू. आभाळातून खत पडते हे खरेच आहे. पण त्याच आभाळातून घातक द्रव्येही पडतात. दोहोंचा हिशेब शेतकऱ्याला ठाऊक हवा.

हवेच्या शंभर भागांत ७८ भाग नत्र असतो. परंतु पिकाला तो तसाच घेता येत नाही. वीज चमकते तेव्हा प्रचंड उष्णतेने नत्र व प्राणवायू यांचा संयोग होतो, त्यापासून पुढे नायट्रेट बनते आणि ते पावसाबरोबर जमिनीत येते. उकिरडा, जनावरांचे मूत व शेतात फेकलेला युरिया यांतून अमोनिया वायू उडतो. तोही पावसात विरघळून खाली येतो. पाऊस नसतानाही धूळ, राख व धुराचे कण पानांवर, मातीवर आणि तळ्यावर बसतच असतात. म्हणजे आभाळातून येणारा माल दोन प्रकारचा : ओला आणि कोरडा.

तो किती येतो? जर्मन शास्त्रज्ञ लीबिग यांचे १८४० च्या दशकात म्हणणे होते की, हवापावसातला अमोनिया पिकाला पुरतो. इंग्लंडमधील रोदॅमस्टेड येथे लॉज व गिल्बर्ट यांनी याची परीक्षा घेतली. १८४३ साली त्यांनी सुरू केलेला गव्हाचा प्रयोग आजही चालू आहे. पुढे पावसाचे पाणी साठवून त्यातील नत्रही मोजला गेला. त्या काळी तेथे वर्षाला हेक्टरी सुमारे १० किलो, म्हणजे एकरी ४ किलो नत्र आभाळातून पडत असे. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत जवळजवळ २१ किलो नत्र असतो. तेव्हा आभाळाचे वर्षभराचे खत म्हणजे गोणीचा पाचवा हिस्सा! बिनखताच्या पट्ट्यात गहू एकरी ४ क्विंटलच्या आसपासच राहिला. लीबिग यांचा अंदाज टिकला नाही.

मग वळवानंतर पीक हिरवे का होते? पाने धुऊन निघतात, रान सारखे भिजते, आणि मुख्य म्हणजे तापलेल्या मातीतील सूक्ष्म जीव ओल मिळताच जागे होऊन सेंद्रिय द्रव्यातला नत्र मोकळा करतात. ही हिरवाई बहुतांशी आपल्याच जमिनीच्या पुंजीतली आहे. पुंजी काढत राहिलो आणि परत भरली नाही, तर रान कसदार राहणार नाही.

आता दुसरी बाजू. कारखाने, मोटारी व खते वाढली तसा रोदॅमस्टेडला पडणारा नत्र १९८० च्या सुमारास हेक्टरी ४५ किलोपर्यंत गेला. पण त्याबरोबर आम्लही आले. कोळशाच्या धुरातील गंधक पावसात मिसळून गंधकाम्ल होते. रॉबर्ट अँगस स्मिथ यांनी १८७२ च्या आपल्या ग्रंथात अशा पावसाला 'आम्लवर्षा' म्हटले. पुढे नॉर्वे-स्वीडनमधील तळ्यांत मासे मेले, आणि १९७९ साली जिनिव्हा येथे युरोपीय देशांनी त्याविरुद्ध करार केला. धूर कमी झाला, तेव्हा मात्र ब्रिटिश शेतकऱ्यांना गंधकाचे खत विकत घ्यावे लागू लागले. जे फुकट पडत होते ते थांबले!

आपल्याकडे हवेतील धुळीत चुना असल्यामुळे बऱ्याच ठिकाणी पावसाचे आम्ल मारले जाते. पण भट्ट्या, चिमण्या, खाणी व वर्दळीचे रस्ते यांच्या आसपास गाफील राहू नये. पेट्रोलमधील शिसे आपल्या देशात २००० साली बंद झाले, तरी रस्त्याकडेच्या मातीत बसलेले शिसे लवकर जात नाही.

म्हणून पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात :

१. युरिया उघड्यावर फेकून ठेवू नये. वाफसा असताना हप्त्याहप्त्याने द्यावा व मातीआड करावा. उडालेला अमोनिया दुसऱ्याच्या रानात किंवा तळ्यात पडतो. पैसा मात्र आपला जातो.

२. उकिरड्यावर मातीचा थर द्यावा. नाकाला झोंबणारा वास म्हणजे उडून चाललेले खत होय.

३. उसाचे पाचट जाळू नये. जाळल्याने त्यातील बहुतेक नत्र व बराच गंधक धुरावाटे जातो, आणि तो धूर घरातील मुलांच्या व म्हाताऱ्यांच्या छातीत भरतो.

४. भुईमूग, सोयाबीन यांना गंधक लागतो. केवळ डीएपी देणाऱ्यांच्या रानाला तो मिळत नाही. सुपर फॉस्फेट वापरल्यास किंवा भुईमुगाला आऱ्या सुटताना जिप्सम दिल्यास उणीव भरून निघते.

५. ताग किंवा धैंचा फुलावर येताच गाडावा. आभाळातून पडणाऱ्या नत्राच्या कित्येक पट नत्र त्यातून मिळतो.

६. छपराचे पाणी साठवत असाल, तर पहिल्या पावसाचे पाणी वाहून जाऊ द्यावे. त्यात वर्षभराची धूळ, काजळी व पक्ष्यांची विष्ठा असते. पुढचे पाणीही पिण्यापूर्वी गाळून उकळावे.

७. रस्त्याकडेची मेथी, पालक, कोथिंबीर दोन-तीन पाण्यांनी धुवावी. कोबीची बाहेरची पाने काढून टाकावीत. लहान मुलांना शिशाची बाधा अधिक होते.

आभाळ आपल्या हातात नाही. पण आपल्या रानातून वर काय जाते, ते बऱ्याच अंशी आपल्याच हातात आहे. जे वर जाते तेच कुठेतरी खाली येते, हे विसरू नये.